१६-१८-१८-३६ : मेमरीच्या आकड्यांविषयी

डीडीआर४ रॅमच्या जोडीवर एक लेबल असते. त्यावर कंपनीचे नाव, क्षमता, मग ३२०० हा आकडा, त्यापुढे १६-१८-१८-३६ अशी चार आकड्यांची माळ आणि शेवटी १.३५ व्होल्ट. घेणारा बहुधा क्षमता आणि ३२०० एवढेच वाचतो, पैसे देतो आणि मॉड्यूल मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये बसवतो. संगणक सुरू होतो, विंडोज येते, सगळे सुरळीत दिसते. पुढे कधीतरी तो टास्क मॅनेजर उघडतो, तर तिथे मेमरीचा वेग २१३३, २४०० किंवा २६६६ असा लिहिलेला असतो. दुकानदाराने हलका माल दिला, असे त्याच्या मनात येते. काही जण मॉड्यूल परत करायलाही जातात.

बहुतेक वेळा माल खरा असतो. मॉड्यूलच्या आत वेगाच्या एकाहून अधिक नोंदी असतात. पहिली नोंद उद्योगाने एकत्र बसून ठरवलेल्या मानकाची, कुठल्याही बोर्डावर चालेल अशी. दुसरी त्या कंपनीने स्वतःच्या हमीवर लिहिलेली, अधिक वेगाची आणि अधिक व्होल्टेजची. बायोसमध्ये जाऊन कोणी सांगितले नाही, तर बोर्ड पहिली नोंद पाळतो. लेबलवर मात्र दुसरी छापलेली असते. या दोन नोंदींमध्ये नेमके काय आहे, त्या कशा वाचायच्या आणि आपल्या यंत्राला त्यांतली कोणती खरोखर पेलते हे कसे ठरवायचे, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. मेमरीचे ‘योग्य’ टायमिंग आणि ‘योग्य’ व्होल्टेज हे एकट्या मॉड्यूलचे गुण नाहीत. मॉड्यूल, प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर आणि मदरबोर्ड या तिघांना मिळून, आपल्या खोलीतल्या तापमानात, एकही चूक न होता जे आकडे पेलतात ते योग्य. लेबलवरून शोध सुरू होतो. तो चाचणीवर संपतो. मधला टप्पा गाळून लेबलवरचे आकडे आंधळेपणाने भरणारे आणि ‘ऑटो’ म्हणून सोडून देणारे, दोघेही यंत्राविषयी काहीच न जाणता राहतात. हे जाणून घेणे अवघड नाही, आणि मराठीत ते नीट लिहिलेले असावे असे मला फार वाटत होते.

आकड्यांचा अर्थ कळायचा तर चिपच्या आत थोडे डोकावावे लागते. आज आपण वापरतो त्या डायनॅमिक रॅमची पेशी आयबीएममधले अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांनी सुचवली. १९६८ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. एक ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटर, बस्स. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असेल तर १, नसेल तर ०. रचना इतकी साधी असल्यामुळेच कोट्यवधी पेशी नखाएवढ्या सिलिकॉनवर मावतात. पण कपॅसिटर गळका असतो. त्यातला भार हळूहळू निघून जातो, म्हणून डीडीआर४ मध्ये प्रत्येक पेशी ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावी लागते. त्यासाठी ८१९२ आज्ञा लागतात, म्हणजे दर ७.८ मायक्रोसेकंदांना एक. दुसरी अडचण वाचनाची. पेशी वाचली की तिच्यातला भार वाहिनीत सांडतो. वाचणे म्हणजे पुसणेही असते. त्यामुळे वाचलेले लगेच परत लिहावे लागते. टायमिंगचे सारे शास्त्र या दोन गोष्टींतून निघते: भार ओळखायला वेळ लागतो आणि परत भरायला वेळ लागतो.

पेशी आडव्या ओळींत आणि उभ्या स्तंभांत मांडलेल्या असतात. प्रोसेसरला एखादी माहिती हवी असली की आधी तिची ओळ उघडावी लागते. ओळ उघडली की त्या ओळीतल्या सगळ्या पेशी आपापल्या वाहिनीवर भार टाकतात. वाहिनी आधीपासून बरोबर अर्ध्या व्होल्टेजवर ठेवलेली असते. भाराने ती किंचित वर किंवा खाली सरकते आणि तो सूक्ष्म फरक सेन्स अँप्लिफायर ओळखून मोठा करतो. हे होईपर्यंत थांबण्याचा काळ म्हणजे टीआरसीडी, माळेतला दुसरा आकडा. मग स्तंभ मागायचा. मागितल्यापासून पहिला डेटा बाहेर येईपर्यंतचा काळ म्हणजे सीएल, माळेतला पहिला आकडा. ओळीतले सगळे पेशींत परत भरले जाईपर्यंत ती बंद करता येत नाही. ती किमान किती काळ उघडी हवी, ते टीआरएएस, म्हणजे शेवटचा ३६. आणि ओळ बंद करून वाहिन्या पुन्हा अर्ध्या व्होल्टेजवर आणायला लागणारा काळ म्हणजे टीआरपी, तिसरा आकडा. लेबलवरचा क्रम कामाच्या क्रमाप्रमाणे नाही, त्यामुळे नवख्याचा गोंधळ उडतो. दुसरा, पहिला, चौथा, तिसरा असा वाचला की चित्र जुळते.

हे आकडे घड्याळाच्या ठोक्यांत मोजलेले असतात. एक ठोका केवढा, ते वेगावर अवलंबून. ३२०० म्हणजे सेकंदाला ३२०० दशलक्ष वेळा डेटाची देवाणघेवाण. डीडीआरमध्ये एका ठोक्यात दोनदा डेटा जातो, म्हणून प्रत्यक्ष घड्याळ १६०० मेगाहर्ट्‌झचे. सीपीयू-झेड या प्रोग्रामात १६०० दिसले की अर्धाच वेग मिळतोय अशी तक्रार घेऊन लोक येतात, त्याचे कारण इतकेच. १६०० मेगाहर्ट्‌झचा एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा. त्याला १६ ने गुणले की १० नॅनोसेकंद. हा खरा काळ.

हा गुणाकार मी वाचकाला पहिल्याच प्रकरणात पुन्हा पुन्हा करायला लावला आहे, कारण त्याने बाजारातले बरेचसे गैरसमज मिटतात. ३६०० वेगाचे सीएल १८ असलेले मॉड्यूल घ्या: १० नॅनोसेकंद. डीडीआर५ चे ६०००, सीएल ३०: १० नॅनोसेकंद. आणि वीस वर्षांपूर्वीचे डीडीआर-४००, सीएल २ चे चोखंदळ लोक शोधून घ्यायचे ते मॉड्यूल: ५ गुणिले २, पुन्हा १० नॅनोसेकंद. सीएल २ वरून ३० वर गेला म्हणून मेमरी पंधरापट आळशी झाली असे मानणारे आहेत, आणि ४०० वरून ६००० वर गेल्यामुळे ती पंधरापट चपळ झाली असे मानणारेही आहेत. पहिला डेटा मिळण्याचा वेळ जवळजवळ तिथेच आहे. वाढली ती एकदा डेटा सुरू झाला की वाहणारी मात्रा. पेशीतला भार ओळखायला लागणारा काळ भौतिकशास्त्राने बांधलेला आहे. उद्योगाने त्या सभोवतीच्या वाटा रुंद केल्या.

मानकातली गणितेही याच काळावर उभी आहेत. प्रत्येक मॉड्यूलवर एक लहानशी मेमरी चिप असते, तिला एसपीडी म्हणतात. डीडीआर३ मध्ये तिची जागा २५६ बाइटची, डीडीआर४ मध्ये ५१२ ची, डीडीआर५ मध्ये १०२४ ची. संगणक सुरू होताच बायोस सर्वांत आधी ही चिप वाचतो. टायमिंग तिच्यात ठोक्यांत लिहिलेले नसते. ते काळात लिहिलेले असते: ०.१२५ नॅनोसेकंदाचे एकक, आणि सूक्ष्म दुरुस्तीसाठी पिकोसेकंद. समजा तिथे ११० लिहिले आहे. ११० गुणिले ०.१२५ म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद. आता बायोस भागाकार करतो आणि अपूर्णांक आला तर वरच्या पूर्णांकावर जातो. ३२०० ला १३.७५ भागिले ०.६२५, बरोबर २२. २६६६ ला एक ठोका ०.७५ चा, उत्तर १८.३३, म्हणून १९. २४०० ला १६.५, म्हणून १७. २१३३ ला १४.६७, म्हणून १५. मानकाच्या तक्त्यात या वेगांपुढे हेच आकडे दिसतात. डीडीआर३ च्या १६०० ला सीएल ११ असे, तेही याच १३.७५ चे. एकदा ही गोष्ट हाती लागली की तक्ते पाठ करावे लागत नाहीत. आपल्या मॉड्यूलचा नॅनोसेकंदांतला आकडा मिळवा, हव्या त्या वेगाच्या ठोक्याने भागा आणि वरच्या पूर्णांकावर जा. सुरक्षित टायमिंग समोर येते.

एसपीडी वाचायची साधने फुकट मिळतात. विंडोजवर सीपीयू-झेडचा एसपीडीचा टॅब, लिनक्सवर आयटूसी-टूल्समधली डिकोड-डिम्स ही आज्ञा. पुस्तिकेत दोन्हींचे टप्पे दिले आहेत, म्हणून इथे थांबत नाही.

लेबलवरचे १६-१८-१८-३६ या मानकाच्या नोंदीत सापडणार नाही. ते असते एक्सएमपीच्या नोंदीत. इंटेलने ही पद्धत २००७ साली डीडीआर३ बरोबर आणली; त्याआधी एक वर्ष एनव्हिडिया आणि कॉर्सेर यांनी डीडीआर२ साठी ईपीपी नावाने असाच प्रयत्न केला होता. एएमडीने २०२२ साली रायझन ७००० प्रोसेसरांबरोबर एक्स्पो आणले. सगळ्यांची कल्पना एकच: मॉड्यूल बनवणाऱ्याने तपासून पाहिलेला वेग, टायमिंग आणि व्होल्टेज एसपीडीच्या राखीव भागात लिहून ठेवायचे आणि वापरणाऱ्याने बायोसमध्ये एक पर्याय निवडून ते लागू करायचे. सोय मोठी आहे. परंतु ही हमी मॉड्यूलपुरती आहे. तुमच्या प्रोसेसरला अधिकृतपणे २६६६ चीच मर्यादा असेल तर ३२०० चे प्रोफाइल म्हणजे त्याच्यासाठी ओव्हरक्लॉकिंगच ठरते. चालले तर उत्तम, न चालले तर मॉड्यूलला दोष देता येत नाही. बहुतेक ठिकाणी चालते, हेही तितकेच खरे. म्हणूनच मी एक्सएमपीला पहिला उमेदवार मानतो. निकाल चाचणीने द्यायचा.

आता व्होल्टेज. इथे चुकीची किंमत टायमिंगहून जास्त असते. टायमिंग चुकले तर यंत्र सुरू होत नाही, बंद पडते किंवा चुका करते. बोर्डाचा क्लिअर सीमॉस जंपर जोडला की सगळे आकडे मूळ जागी येतात. व्होल्टेज जास्त दिले तर काही गोष्टी मूळ जागी येत नाहीत.

एसडीरॅमला ३.३ व्होल्ट लागत. डीडीआरला २.५, डीडीआर२ ला १.८, डीडीआर३ ला १.५, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१. ट्रान्झिस्टर लहान होत गेले तसे त्यांना सोसेल ते व्होल्टेजही उतरत गेले. गंमत अशी की १९७४ साली हा नियम मांडणाऱ्यांमध्येही डेनार्ड हेच अग्रणी होते. व्होल्टेज वाढवले की भार लवकर भरतो, फरक ठळक दिसतो, म्हणून टायमिंग आवळता येते. पण खर्च होणारी शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२ वरून १.३५ ही वाढ साडेबारा टक्के दिसते. तिचा वर्ग केला की जवळपास २७ टक्के होतो. त्याची उष्णता होते, आणि उष्णतेने पेशी अधिक गळते. जे एका हाताने मिळवले ते दुसऱ्या हाताने जाण्याची सीमा कुठेतरी येतेच.

या संदर्भात २००८ ची हकिकत प्रत्येक संगणक जोडणाऱ्याला ठाऊक हवी. तोपर्यंत इंटेलच्या डेस्कटॉप यंत्रांत मेमरी कंट्रोलर मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये असे. डीडीआर३ नवी होती, आणि हौशी लोकांसाठीचे वेगवान संच १.८, १.९, काही तर २ व्होल्टचे विकले जात. त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये पहिले कोअर आय७ आले आणि कंट्रोलर प्रोसेसरच्याच पोटात गेला. आता मेमरीला दिलेले व्होल्टेज थेट प्रोसेसरच्या नाजूक भागाला भिडणार होते. इंटेलने १.६५ व्होल्टची मर्यादा घातली. बोर्ड बनवणाऱ्यांनी मेमरीच्या स्लॉटवरच इशाऱ्याचे स्टिकर चिकटवले. मेमरी कंपन्यांना आपले संच नव्याने निवडून १.६५ मध्ये बसवावे लागले. २०११ च्या सँडी ब्रिज प्रोसेसरांमध्ये इंटेलचा अधिकृत आकडा १.५ व्होल्ट, पाच टक्के इकडेतिकडे, एवढाच राहिला. २०१५ च्या स्कायलेकने डीडीआर३ स्वीकारली ती १.३५ व्होल्टची डीडीआर३एल म्हणून. म्हणजे २००९ साली घेतलेले, लेबलवर १.६५ छापलेले, अस्सल, न बिघडलेले मॉड्यूल सहा-सात वर्षांनी निघालेल्या बोर्डावर त्याच आकड्याने चालवणे चूक ठरले. मॉड्यूल तेच होते. त्याचा जोडीदार बदलला होता.

असे पुन्हाही घडले. २०२३ साली काही रायझन ७००० प्रोसेसर जळाल्याच्या घटना पुढे आल्या. एक्स्पो चालू केले की काही बोर्ड प्रोसेसरच्या एसओसी भागाचे व्होल्टेज आपणहून वाढवत होते. एएमडीने नव्या फर्मवेअरद्वारे त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा आणली. यातून कामाची सवय एकच लावून घ्यावी: एक्सएमपी किंवा एक्स्पो लागू केल्यावर बायोसमध्ये केवळ रॅमचे व्होल्टेज पाहून थांबू नये. सिस्टिम एजंट, आयओ, एसओसी या नावांच्या शेजारी ‘ऑटो’ने काय भरले आहे तेही पाहावे, वहीत टिपावे आणि बायोस अद्ययावत ठेवावा.

व्होल्टेजला सगळ्या चिप सारख्या दाद देत नाहीत, हा माझ्या आवडीचा भाग आहे आणि पुस्तिकेत त्याला जरा जास्तच पाने गेली आहेत. मॉड्यूलवर नाव कोणाचेही असो, आतली चिप सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन अशा मोजक्या कारखान्यांतून येते. पहिल्या डीडीआरच्या काळात विनबॉंडची बीएच-५ ही चिप प्रसिद्ध होती. मानकाहून बरेच जास्त व्होल्टेज दिले की ती २-२-२-५ अशा टायमिंगला उतरायची. डीडीआर४ मध्ये तो मान सॅमसंगच्या बी-डायला मिळाला. ३२०० ला १४-१४-१४ असे लेबल दिसले की आत बी-डाय आहे असे जाणकार बिनधास्त सांगत. मायक्रॉनच्या ई-डायचा स्वभाव वेगळा: व्होल्टेजने तिचा सीएल खाली येतो, टीआरसीडी मात्र हलत नाही. आता आपले १६-१८-१८ पुन्हा पाहा. पहिला आकडा आवळलेला, पुढचे दोन सैल. ही माळच सांगते की आतली चिप सगळ्या बाजूंनी आवळता येणारी नाही. तिच्यावर १४-१४-१४ लादायचा प्रयत्न केला, तर व्होल्टेज कितीही चढवले तरी हाती तापलेले मॉड्यूल आणि चुका एवढेच येणार. दुसऱ्याच्या यंत्रावर चाललेले आकडे उतरवून घेणारा इथेच फसतो. शिवाय कंपन्या एकाच मॉडेल क्रमांकाखाली चिप बदलतात. कॉर्सेरच्या लेबलवर बारीक अक्षरात व्हर्जनचा आकडा असतो, तो याचसाठी वाचावा.

आधी एक संच आणि वर्षभराने त्याच क्रमांकाचा दुसरा संच घेऊन चारही स्लॉट भरणारे बरेच आहेत. खर्चाच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. पण प्रोफाइलची हमी एका डब्यातल्या संचाला असते. दोन संच एकत्र चालतील असे कोणीही लिहून दिलेले नसते. वेगवेगळी मॉड्यूल एकत्र लावावीच लागली तर प्रत्येकाच्या एसपीडीतला सर्वांत मोठा नॅनोसेकंदांचा आकडा घ्यावा, सर्वांत कमी कमाल वेग घ्यावा आणि व्होल्टेज दोघांनाही मान्य असेल तेच द्यावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटी, जुन्या यंत्रांतून काढलेली मॉड्यूल घेताना तर ही पद्धत फारच उपयोगी पडते. तिथे आणखी एक अक्षर पाहावे. पीसी३-१२८०० आणि पीसी३एल-१२८०० यांत एका ‘एल’चा फरक आहे. एल असलेले १.३५ व्होल्टवर चालते आणि १.५ वरही, एल नसलेल्याला १.५ च लागते. त्या काळातल्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये फक्त १.३५ ची सोय असते, बायोसमध्ये व्होल्टेज बदलायला जागा नसते, आणि बिनएलचे मॉड्यूल घातले की पडदा काळाच राहतो. मॉड्यूल खराब समजून टाकून दिले जाते.

तापमानाविषयी परदेशी मार्गदर्शकांत एखादे वाक्य असते. आपल्याकडे ते पुरत नाही. चिपचे तापमान ८५ अंशांच्या वर गेले तर मानकच सांगते की पेशी ६४ ऐवजी ३२ मिलिसेकंदांत पुन्हा भरा. म्हणजे गळती किती वाढते याची ती अधिकृत कबुली आहे. टायमिंग आवळणारे लोक दोन रिफ्रेशमधले अंतरही, म्हणजे टीआरईएफआय, वाढवतात, कारण त्याने वेग मिळतो. जानेवारीत रात्री हे सगळे तपासून निर्धास्त झालेले यंत्र मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या दुपारी, ४५ अंशांच्या हवेत, बिनएसीच्या खोलीत, ग्राफिक्स कार्डाच्या गरम वाऱ्याशेजारी चालायचे असते. माझा आग्रह आहे की विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाने हिवाळ्यातली चाचणी अंतिम मानू नये. उन्हाळ्यात पुन्हा करावी, किंवा हिवाळ्यात कॅबिनेटचे पंखे मंद करून, ग्राफिक्स कार्ड राबवून करावी. रिफ्रेशचे अंतर मानकापासून फार दूर नेऊ नये.

चाचणीचे प्रकरण सर्वांत लांब आहे आणि ते गाळून वाचू नये अशी विनंती आहे. १९९४ साली ख्रिस ब्रॅडी यांनी मेमटेस्ट८६ लिहिला. त्याचीच शाखा असलेला मेमटेस्ट८६+ आजही मोफत मिळतो. पेन ड्राइव्हवरून तो थेट सुरू होतो, ऑपरेटिंग सिस्टिम मध्ये येत नाही, म्हणून जवळजवळ सगळी मेमरी त्याला तपासता येते. रात्रभर चालवावा. सकाळी एक जरी चूक दिसली तरी ते आकडे नापास. ‘लाखो वाचनांत एकच तर चूक आहे’ हा हिशेब मेमरीत चालत नाही, कारण ती एक चूक कुठल्या बिटावर पडेल ते आपल्या हाती नसते. मेमटेस्टमध्ये स्वच्छ निघालेले यंत्र विंडोजमध्ये, प्रोसेसरवर भार असताना, चुकू शकते. म्हणून नंतर टेस्टमेम५ किंवा प्राइम९५ चा ब्लेंड प्रकारही चालवावा. क्रम असा ठेवला आहे: आधी मानकाच्या नोंदीवर, काहीही न बदलता, पूर्ण चाचणी. इथेच चूक निघाली तर मॉड्यूल, स्लॉट किंवा बोर्ड सदोष आहे, आकड्यांशी खेळण्यात अर्थ नाही. मग एक्सएमपी आणि पुन्हा चाचणी. ती नापास झाली तर व्होल्टेज वाढवण्याआधी वेग एक पायरी उतरवून पाहावा. ३२०० ऐवजी ३००० वर जे यंत्र वर्षानुवर्षे न चुकता चालते, त्याच्या मालकाने काहीही गमावलेले नाही.

इतकी सावधगिरी कशासाठी, हे मला मनापासून सांगायचे आहे. मेमरीची चूक बहुतेक वेळा गुपचूप होते. निळा पडदा आला तर ती नशिबाची गोष्ट, निदान कळते तरी. पण फोटो एका डिस्कवरून दुसरीवर नेताना तो मेमरीतूनच जातो. तिथे एक बिट उलटला तर नव्या डिस्कवर खराब झालेला फोटो जातो, आणि कोणतीही सूचना येत नाही. हिशेबाची फाइल, पीएचडीचा डेटा, आजीच्या आवाजाचे रेकॉर्डिंग, सगळे याच वाटेने जाते. बियांका श्रोडर आणि गूगलमधल्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे एक तृतीयांश सर्व्हरांत आणि ८ टक्क्यांहून अधिक मॉड्यूलमध्ये वर्षभरात निदान एक दुरुस्त करता येणारी चूक आढळली होती. ती यंत्रे ईसीसी मेमरीची होती, म्हणून चूक कळली आणि सुधारली गेली. घरातल्या, दुकानातल्या, शाळेतल्या संगणकांत ईसीसी जवळपास नसतेच. तिथे आपण केलेली चाचणी हेच एकमेव संरक्षण आहे. म्हणून दुसऱ्याचे यंत्र जोडून देणाऱ्या माणसाने तपासल्याशिवाय आवळलेले आकडे ठेवून जाणे मला गैर वाटते. ज्याचा डेटा जाणार आहे, त्याने तो धोका पत्करलेला नसतो.

पुस्तिका आयटीआय आणि डिप्लोमाचे विद्यार्थी, संगणक दुरुस्त करणारे आणि घरी स्वतः यंत्र जोडणारे यांच्यासाठी लिहिली आहे. भागाकार-गुणाकाराच्या पलीकडे गणित लागत नाही. उदाहरणे मुख्यतः डीडीआर३ आणि डीडीआर४ ची आहेत, कारण आपल्या शाळांत, कार्यालयांत, घरांत अजून तीच चालू आहेत आणि त्यांचे आयुष्य वाढवणे शक्य आहे.

डीडीआर५ वर एक वेगळे प्रकरण आहे. तिथे व्होल्टेज नियंत्रित करणारी चिप मदरबोर्डवरून मॉड्यूलवर आली आहे, आणि चिपच्या आतल्या आत चुका सुधारण्याची सोय आहे. ही सोय म्हणजे खरी ईसीसी नव्हे, ते तिथे सविस्तर सांगितले आहे. चारही स्लॉट भरण्याचा मोह डीडीआर५ मध्ये फार महागात पडतो. रायझन ७००० ला दोन मॉड्यूलवर अधिकृत वेग ५२००, चार लावली की ३६००. त्यामुळे लागेल तेवढी क्षमता सुरुवातीलाच दोन मॉड्यूलमध्ये घ्यावी. आणि नवे डीडीआर५ यंत्र पहिल्यांदा सुरू केल्यावर बोर्ड मेमरीचे टायमिंग स्वतः जुळवत बसतो. त्याला कधीकधी काही मिनिटे लागतात, पडद्यावर काहीच येत नाही, पंखे फिरत राहतात. त्या वेळात पॉवरचे बटण दाबू नये, मॉड्यूल काढू नये, बोर्ड गेला असे ग्राहकाला सांगू नये. दहा-पंधरा मिनिटे थांबावे, आणि मग पहिल्या प्रकरणातला तक्ता उघडावा.